वाळवणाची हजेरी

 

चैत्र लागला की आपल्याकडे बायका एकमेकींना ख्यालीखुशाली विचारत नाहीत. "तुझ्या कुरडया झाल्या का गं?" असंच विचारतात. आज आम्ही त्याच कुरडयांविषयी, सांडग्यांविषयी, पापडांविषयी बोलणार आहोत. पण कृती सांगणार नाही. कृती तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त येते. आम्ही बोलणार आहोत वाळवणाच्या इतिहासाविषयी. आणि हा इतिहास आम्हाला का शोधावा लागला, ते आधी सांगतो. ती गोष्ट आमच्या चुकीची आहे.

तीन वर्षांपूर्वी आमच्या गटाला शहरातल्या एका दुकानाकडून 60 किलोंची मागणी आली. कुरडया, उडदाचे पापड आणि बाजरीच्या खारवड्या. एवढी मोठी मागणी पहिल्यांदाच. दोन दिवस कडक ऊन मिळालं. तिसऱ्या दिवशी दुपारी आभाळ भरून आलं आणि वळवाचा पाऊस कोसळला. हाताला येईल ते आम्ही गोळा केलं आणि ओसरीत पसरलं. दुसऱ्या दिवशी तासभर ऊन दाखवलं आणि पिशव्या भरल्या, कारण टेम्पो दारात उभा होता. तीन आठवड्यांनी 22 किलो माल परत आला. कुरडयांच्या आतल्या वेढ्यांना हिरवी बुरशी होती.

नुकसान झालं ते झालंच. पण त्या संध्याकाळच्या बैठकीत जे झालं ते जास्त वाईट होतं. एक बाई म्हणाली, "चीक शिजवला त्या दिवशी अमुक एक पाळीत होती. तिनं हात लावला, म्हणून बिघडलं." कोणी तिला अडवलं नाही. जिच्याविषयी हे बोललं गेलं ती आमच्यातली सर्वांत कामसू मैत्रीण. ती उठून गेली, आणि दोन महिने बैठकीला आली नाही. कर्जाचा हप्ता मुलाच्या हाती पाठवायची.

मैत्रिणींनो, आम्ही बी.ए.ला इतिहास घेतला होता. राजांच्या सनावळ्या पाठ केल्या, तहांची कलमं पाठ केली. पण पिढ्यान्‌पिढ्या घरं ज्यावर तगली त्या वाळवणाची एक ओळ त्या पुस्तकांत नव्हती. मग आम्ही ठरवलं, नुसतं "पूर्वीपासून असंच आहे" म्हणायचं नाही. पूर्वी म्हणजे कधी, आणि असंच म्हणजे कसं, ते शोधायचं. काही पुस्तकं वाचली, आणि गावातल्या म्हाताऱ्या बायांच्या उंबऱ्यावर जाऊन बसलो. त्यातून जे कळलं ते आज सांगतो.

सुरुवात फार लांबून करू. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. तिथं 1968 पासून 1983 पर्यंत पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं उत्खनन केलं. मातीखाली जे गाव सापडलं ते इसवीसनापूर्वी सुमारे 1600 ते 700 या काळातलं. म्हणजे आजपासून तीन हजार वर्षांहून जुनं. त्या घरांमध्ये चुली सापडल्या, आणि धान्य साठवायचे खड्डेही सापडले. जमिनीत गोल खणलेले, आतून चुन्यानं लिंपलेले. कोणाचं लग्न कोणाशी झालं, कोण कोणाशी भांडलं, हे काही तिथं राहिलं नाही. पण पुढच्या पावसापर्यंत पुरवायचं कसं, ही काळजी मात्र मातीत शिल्लक राहिली. ते खड्डे कोणी लिंपले, हे माती सांगत नाही. आपल्या गावात घर लिंपायचं काम कोण करत आलं, ते आपल्याला माहीत आहे.

तीच रीत पुढं पेव म्हणून चालत आली. पेव म्हणजे जमिनीतली मडकी म्हणा ना. तोंड लहान, पोट मोठं. आत पेंढा किंवा कडबा लावायचा, धान्य भरायचं, तोंड मातीनं बंद करायचं. आत धान्य टिकतं कसं? धान्यही श्वास घेतं. बंद पेवातली चांगली हवा संपली की किडेही मरतात आणि बुरशीही फारशी वाढत नाही. म्हणून तर पेव उघडल्यावर लगेच आत कोणी उतरत नसे. आधी तोंड उघडं ठेवून हवा खेळू द्यायची, दिवा सोडून पाहायचा. दिवा विझला तर माणूसही विझेल. सांगलीजवळच्या हरिपूरला हळदीची पेवं प्रसिद्ध होती. व्यापारी वर्षानुवर्षं तिथं हळद ठेवत. 2005 च्या महापुरात त्यातली बरीच पाण्यात गेली. ज्या मातीनं हळद सांभाळली, त्याच मातीत पाणी शिरल्यावर ती वाचली नाही. वाळवणाचा आणि साठवणीचा खरा शत्रू कोण, हे तिथंच कळतं. पाणी.

घरात पेव, बळद, कणगी, तशी राजाच्या गडावर अंबारखाना. पन्हाळ्यावर अजून तीन मोठी कोठारं उभी आहेत. त्यांची नावं गंगा, यमुना आणि सरस्वती. गड वेढ्यात सापडला तर तोफेआधी धान्य संपू नये म्हणून ती बांधली. शिवाजी महाराजांचं एक पत्र सगळ्यांना ठाऊक आहे. चिपळूणजवळ पावसाळ्यासाठी छावणी केलेल्या लष्कराच्या अधिकाऱ्यांना ते लिहिलं होतं. त्यात बजावलं आहे की साठवलेला दाणागोटा आणि वैरण आताच हवी तशी उधळू नका, पावसाळा पुरवायचा आहे. नाही पुरलं तर लोक रयतेच्या घरात हात घालतील. गवताच्या गंजीला उंदरानं नेलेल्या जळत्या वातीनंही आग लागेल, म्हणून जपा. एवढा मोठा राजा उंदराचा आणि वातीचा विचार करतो. वाचताना आम्हाला वाटलं, ही तर आमच्या सासूबाईंची भाषा! घर असो की राज्य, चार महिने पुरवायचं तर हिशेब तोच.

पावसाळ्याच्या या बेगमीला कोकणात आगोट म्हणतात. आगोटीच्या आधी तिथं सुके बोंबील, सुकट, आमसुलं, आंबापोळी, फणसपोळी घरात यायलाच हवी. दर्या खवळला की होड्या किनाऱ्याला ओढल्या जातात, ताजी मासळी बंद. किनाऱ्यावर बांबूंच्या वलांडीवर बोंबील तोंडात तोंड अडकवून टांगतात, ते याचसाठी. गोव्यात याच बेगमीला पुरुमेंत म्हणतात. हा शब्द पोर्तुगीज भाषेतून आला. मडगावात पुरुमेंताचं फेस्त भरतं, तेव्हा लोक मिरच्या, सुकी मासळी, कोकम असं सगळं पावसाळ्याच्या आधी भरून घेतात. विदर्भाच्या जंगलपट्ट्यात मोहाची फुलं वाळवून ठेवतात. खानदेशात ज्वारीचे बिबडे. आमच्या कोरडवाहू भागात बाजरीच्या खारवड्या, मुगा-मटकीचे सांडगे, गवारीच्या आणि वांग्याच्या काचऱ्या, आणि हरभऱ्याचा वाळवलेला पाला.

या हरभऱ्याच्या पाल्यावर थोडं थांबू. हरभरा कोवळा असताना शेंडे खुडतात. शेत असलेल्या घरी ती ताजी भाजी होते. पण मजुरीला जाणाऱ्या बाईच्या ओट्यात घरी गेलेला पाला वाळवला जातो. वैशाखात रानात हिरवं पान नसतं तेव्हा तोच पाला मूठभर पिठाबरोबर शिजतो. म्हणजे वाळवण हे काही फक्त माडीवरच्या गच्चीवरचं काम नव्हतं. ज्यांना गच्चीच काय, अंगणही नव्हतं, त्यांचंही वाळवण होतं. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या पुस्तकात मराठवाड्यातल्या दलित घरांच्या जेवणाविषयी लिहिलं आहे. त्यात वाळवलेल्या मांसाच्या चान्यांचीही नोंद आहे. गावानं ज्यांना वेशीबाहेर ठेवलं त्या बायाही मीठ आणि ऊन याच दोन गोष्टींवर उपाशी दिवस काढत होत्या. आमच्या गटात हे वाचून दाखवलं तेव्हा एक आजी हळूच म्हणाल्या, "आमची आई करायची. पण आम्ही कधी बोललो न्हाई." त्यांना चाळीस वर्षांत कोणी विचारलंच नव्हतं. पापडाची कौतुकं होतात आणि चान्यांची लाज वाटते, हेही इतिहासानंच शिकवलेलं आहे, आणि ते आपण विसरायला हवं.

आता दुसरी गोष्ट. "आपल्या आजी-पणजीपासून चालत आलेलं" असं आपण ज्याला म्हणतो ते सगळं तितकं जुनं नाही. लाल मिरचीचंच घ्या. मिरचीशिवाय पापड, लोणचं, भरली मिरची, काहीच नाही असं वाटतं ना? पण मिरची मूळची अमेरिका खंडातली. पोर्तुगीज सोळाव्या शतकात ती इकडे घेऊन आले. त्याआधी आपल्याकडे तिखटपणासाठी मिरी आणि पिंपळी होती. बटाटाही तिकडूनच आला. त्याचं नावसुद्धा पोर्तुगीज आहे. मग बटाट्याचे वाळवलेले कीस आणि काप त्यानंतरचेच. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तोही अमेरिकेतला. आपल्याकडे तमिळनाडूत सेलम भागात साबुदाण्याचे कारखाने निघाले ते 1940 नंतरच्या दशकात. म्हणजे एकादशीच्या साबुदाण्याच्या पापड्या फार तर आपल्या आजीच्या पिढीनं घराघरांत नेल्या.

हे ऐकून आमच्यातल्या थोरल्या काकू जरा रागावल्या. "म्हणजे आमचं सगळं उसनंच का?" आम्ही म्हटलं, "नाही काकू, उलटं आहे. परक्या देशातली वस्तू आली आणि तुमच्या आजीच्या आजीनं ती हातात घेऊन पाहिली, वाळवून पाहिली, टिकते का ते ताडून पाहिलं. कोणी शिकवायला आलं नव्हतं." वाळवणाची परंपरा म्हणजे न बदलणं नव्हे. बायका नवं काही दिसलं की करून बघत आल्या, तीच ही परंपरा.

मिठाचंही तसंच. मीठ नसेल तर लोणचं नाही, पापड नाही, सुकी मासळी नाही. मीठ पदार्थातलं पाणी ओढून घेतं, म्हणून बुरशीला आणि कुजवणाऱ्या जंतूंना जगता येत नाही. हे मीठ इंग्रज सरकारनं करात बांधलं होतं. गरिबालाही तेवढाच कर आणि श्रीमंतालाही तेवढाच. 1930 साली गांधीजी दांडीला गेले ते आपण शाळेत शिकलो. पण आपल्याकडे कोकणात शिरोड्यालाही मिठाचा सत्याग्रह झाला, आणि मुंबईत वडाळ्याच्या मिठागरांवर लोक चालून गेले, त्यात बायका होत्या. शाळेत आम्हाला वाटायचं, एवढ्या मोठ्या लढ्याला मीठच का निवडलं? आता बरणीत मीठ घालताना कळतं. प्रत्येक घरातल्या बाईच्या हातातून जाणारी तीच एक वस्तू होती.

आता दुष्काळाकडे येऊ. 1876 ते 1878 चा मोठा दुष्काळ दख्खनवर पडला. सारा रोखीनं भरायचा म्हणून शेतकऱ्याला धान्य विकावं लागे, सावकाराचं देणं वेगळंच. पेवात राहील एवढं घरात उरतच नव्हतं. साठवण करायची अक्कल होती, साठवायला दाणा नव्हता. हे लक्षात ठेवा. कारण आजही कोणी म्हणतं, "पूर्वीच्या बायका काटकसरी होत्या, म्हणून भागायचं." काटकसर होती हे खरं. पण उपाशी राहिलेली बाई आळशी होती म्हणून उपाशी राहिली नाही.

आमच्या गावातल्या ऐंशीच्या पुढच्या बायांना आठवतो तो बहात्तरचा दुष्काळ. 1972 साली विहिरी आटल्या, जनावरं विकली गेली. सरकारनं दुष्काळी कामं काढली. रस्ते, पाझर तलाव, खडी फोडणं. अमेरिकेहून आलेली लाल मिलो ज्वारी रेशनवर मिळायची. कामावर सुकडी वाटायचे. एक आजी सांगत होत्या, "मिलोची भाकरी थापताना तुटायची, पोरं नाक मुरडायची. मग मडक्यात ठेवलेला हरभऱ्याचा पाला काढायचो. तेवढं पान दिसलं की जेवण वाटायचं." ते मडकं त्यांनी दोन वर्षांपूर्वी भरलेलं होतं. उतरंडीत सगळ्यात खालचं.

त्या आजींनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती आमच्या मनातून जात नाही. त्या म्हणाल्या, "खडी फोडायला गेलो तवा मुकादम नाव पुकारायचा. माझं नाव पुकारलेलं मी जल्मात पहिल्यांदा ऐकलं. घरात मला कोण नावानं हाक मारतंय?" त्या कामांमधूनच पुढं रोजगार हमीचा कायदा 1977 साली महाराष्ट्रात झाला. बाई आणि पुरुष दोघांचं नाव हजेरीवर. दिवसभर फोडलेल्या खडीचं माप व्हायचं, पैसे मिळायचे. पण त्याच बाईनं पहाटे तीनला उठून घाटलेला कुरडईचा चीक कोणत्याच हजेरीवर नव्हता.

विचार करा, मैत्रिणींनो. गहू तीन दिवस भिजवायचा, रोज पाणी बदलायचं, वाटायचा, चीक गाळायचा, रात्रभर बसू द्यायचा. पहाटे उठून मोठ्या पातेल्यात घाटायचा, एक क्षण हात थांबला तर गुठळी. गरम असतानाच सोऱ्यात भरून ऊन चढायच्या आत सगळ्या घालायच्या. दिवसभर कावळे, चिमण्या, शेळ्या राखायच्या. राखणीला पोरगी बसवायची, आणि ती नेमकी परीक्षेच्या दिवसांत. पापडाला शेजारणी पोळपाट-लाटणी घेऊन सावडीनं यायच्या. आज माझ्याकडे, उद्या तुझ्याकडे. मजुरी काय, तर तेलात बुडवलेली पापडाची लाटी आणि चार घटका गप्पा. त्या गप्पा खऱ्या होत्या, तो आनंद खरा होता, तो आम्ही नाकारत नाही. पण एवढ्या कामाला घरात "उन्हाळ्याचा उद्योग" म्हणायचे. रिकामपणाचा असल्यासारखा.

या कामाला पैशाचं माप पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर कोणी लावलं? मुंबईत गिरगावात 15 मार्च 1959 रोजी सात गुजराती बायका एका इमारतीच्या गच्चीवर जमल्या. 80 रुपये उसने घेतले, पापड लाटले. पहिल्या दिवशी चार पुडकी झाली, ती भुलेश्वरच्या एका व्यापाऱ्याला विकली. हाच तो लिज्जत पापड. त्यांनाही आपल्यासारखीच अडचण आली. पहिल्या वर्षी पावसाळ्यात पापड वाळेनात, चार महिने काम बंद. दुसऱ्या वर्षी त्यांनी काय केलं? एक खाट आणली, खाली स्टोव्ह पेटवला, वर पापड पसरले. ऊन नाही तर नाही! त्या संस्थेत काम करणारी प्रत्येक बहीण मालकीण असते. उसने 80 रुपये आणि एक खाट, एवढ्यावर हे उभं राहिलं.

पुढं 1975 साली महिला आर्थिक विकास महामंडळ झालं. 1992 पासून नाबार्डनं बचत गट बँकेला जोडायचं काम सुरू केलं. त्यानंतर आपल्यासारखे गट गावोगाव झाले, आणि जवळजवळ प्रत्येक गटानं पहिला उद्योग कोणता केला? पापड. कारण भांडवल म्हणून आपल्याकडे तेवढंच होतं, हाताला असलेली सवय.

आता परत येऊ त्या 22 किलोंकडे.

हे सगळं वाचता-ऐकताना आमच्या लक्षात आलं की इनामगावच्या खड्ड्यापासून गिरगावच्या खाटेपर्यंत एकच झगडा आहे, ओलाव्याशी. ताज्या भाजीत दहा भागांतले आठ-नऊ भाग पाणी असतं. ते पाणी काढलं, किंवा मिठानं, साखरेनं, आंबटपणानं बांधून टाकलं, तर पदार्थ टिकतो. राहिलं तर बुरशी येते. आमची कुरडई वरून कडक झाली होती, पण आतल्या वेढ्यांत ओल होती. पिशवीत भरल्यावर ती ओल बाहेर पडायला वाट नव्हती. बुरशी कोणाच्या हातानं आली नाही, घाईनं आली. पाळी आलेल्या बाईच्या हाताला काही लागलेलं नसतं. हात स्वच्छ धुतला, वाळवला की झालं. उलट ज्या दिवशी पाऊस पडला त्या दिवशी धावत जाऊन सगळ्यात जास्त ताटं आत आणणारी तीच होती.

आम्ही चौघी तिच्या घरी गेलो. जिनं ते शब्द काढले होते ती आधी यायला तयार नव्हती, पण आली. ती म्हणाली, "मला माझ्या सासूनं सांगितलं होतं, मी तेच बोलले. चुकलं माझं." तिनं चहा केला. फार काही बोलली नाही. पुढच्या बैठकीला आली. झालं ते पुसलं गेलं असं आम्ही म्हणणार नाही. पण त्या दिवसापासून आमच्या गटाच्या नियमांत एक ओळ आहे: पाळीवरून कोणालाही कामातून बाजूला करायचं नाही. जिला त्या दिवसांत विसावा हवा तिनं तो मागून घ्यावा, बाकीच्यांनी द्यावा.

आणखी दोन गोष्टी बदलल्या.

पहिली, भरण्याआधीची परीक्षा. कुरडई, सांडगा मोडला की कट्‌ असा आवाज आला पाहिजे. मोडून आत बोट लावून पाहायचं. मग थोडा माल कोरड्या काचेच्या बरणीत घालून झाकण घट्ट लावायचं आणि रात्रभर ठेवायचं. सकाळी काचेला आतून वाफ धरलेली दिसली तर माल परत वाळवायचा, टेम्पो दारात उभा असला तरी. पालेभाजी सावलीत वाळवायची, कडक उन्हात तिचा रंग आणि जीवनसत्त्वं जातात. आणि एकदा बुरशी आली की ऊन दाखवून, पुसून, तळून तो माल खायचा नाही, विकायचा नाही. काही बुरशींचं विष तळूनही जात नाही.

सगळ्या मिळून आम्ही एक लहान सौर वाळवणयंत्रही घेतलं. पेटी, वर काच, आत जाळीचे ट्रे. थोरल्या काकू म्हणाल्या, "पेटीतलं ऊन ते काय ऊन?" आम्ही त्यांना गिरगावच्या खाटेची गोष्ट पुन्हा सांगितली. या मार्गशीर्षात त्या स्वतः ओटाभर हरभऱ्याचा पाला घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "बघू तुमची पेटी." आता विचारलं तर म्हणतात, "धूळ लागत न्हाई, एवढं बरं हाय."

दुसरी गोष्ट म्हणजे वही. आम्ही वाळवणाची हजेरी लिहितो. कोण किती वाजता आली, किती वेळ घाटलं, किती वेळ राखण केली. पहिल्याच वर्षी 5 किलो गव्हाच्या कुरडयांना सगळ्याजणींचे मिळून किती तास गेले ते मांडलं आणि आमचे डोळेच उघडले. आम्ही ज्या भावानं विकत होतो त्यात गहू, मीठ, पिशवी आणि भाडं निघत होतं. आमच्या हाताला जवळजवळ काहीच नव्हतं. पुढच्या वर्षी भाव वाढवला. दोन गिऱ्हाइकं तुटली, बाकीची राहिली. एका मैत्रिणीच्या नवऱ्यानं ती वही पाहिली आणि म्हणाला, "एवढं काम असतं होय?" बावीस वर्षांच्या संसारात त्याला पहिल्यांदा दिसलं, कारण ते पहिल्यांदा लिहिलेलं होतं.

मैत्रिणींनो, इतिहास लिहिलेल्याचा राहतो. तीन हजार वर्षांपूर्वी खड्डा लिंपणाऱ्या बाईला लिहिता येत नव्हतं. मडक्यात पाला ठेवणाऱ्या आजींनाही येत नव्हतं. आपल्याला येतं. म्हणून जाता जाता एवढंच मागणं. या आठवड्यात तुमच्या गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईकडे जा. शेतवाल्या घरी जा, तशाच बिनशेताच्या घरीही जा. विचारा, "बहात्तर साली तुम्ही मडक्यात काय ठेवलं होतं?" त्या जे सांगतील ते गटाच्या वहीत लिहून ठेवा, आणि त्याच्या वर त्यांचं नाव लिहा. त्यांचं स्वतःचं नाव.

आणि हो, आभाळाकडे बघून पिशव्या भरा. नमस्कार.